हाल्मेचा खटका

"माझ्याशी लग्न करशील का?"

हा प्रश्न मी विचारला. मी म्हणजे शरयू नवले, इयत्ता नववी ब. विचारला कारेगावच्या कोरियन खानावळीच्या मालकिणीला, तिच्याच भाषेत, भर दुपारी, जेवत असलेल्या चौदा इंजिनिअर लोकांसमोर. मालकिणीचं वय एकोणसत्तर.

पैज अल्फिया तांबोळीने लावली होती. ती आणि गौतमी साळवे, माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, काचेबाहेर उभ्या राहून तोंडं दाबून हसत होत्या. तोवर मी वर्गात हजेरीलासुद्धा इतक्या हळू 'येस मॅम' म्हणायचे, की बाई दोनदा गैरहजेरी मांडायच्या. "तू जाऊन विचारलंस ना, तर मी तुला वर्षभर पुढच्या बाकावर बसायला सांगणार नाही," अल्फिया म्हणाली होती. हे आमिष मोठं होतं. आणि कोरियन मालिका बघून बघून मला तेवढं एकच वाक्य अडखळल्याशिवाय येत होतं.

"नारांग ग्यॉरोन्हे जुल्ले?"

चौदा चॉपस्टिक जागच्या जागी थांबल्या. म्हातारीने सुरी पुसली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि मराठीत म्हणाली, "कोबी चिरता येतो?"

"ये… येतो."

"मग बस. लग्नाचं मागून बघू."

मी बसले. त्या एका वाक्याने माझं काय काय झालं, ते आता सांगते. मला त्यासाठी किती जणांचे आभार मानावे लागतील याची यादीच नाही, पण पहिला नंबर अल्फियाच्या आगाऊपणाचा.

आमचं कारेगाव औद्योगिक वसाहतीला चिकटून आहे. कारखान्यांमुळे इथे कोरियन लोक येतात, चार-पाच वर्षं राहतात, जातात. ही गेली नव्हती. छोई माल्सुन तिचं नाव. मुलगा इंजिनिअर, त्याच्याबरोबर चौदा वर्षांपूर्वी आली. मुलाची बदली मेक्सिकोला झाली, तर म्हणाली, "तू जा. इथली मिरची बरी आहे." आणि खानावळ काढली. आजीला सोलमध्ये हाल्मोनी म्हणतात. ही बुसानच्या मासळीबाजारात वाढलेली. तिकडच्या बोलीत आजी म्हणजे हाल्मे. "हाल्मोनी म्हणलीस तर चहा नाय," तिने पहिल्याच दिवशी बजावलं.

तिला इंग्रजी अजिबात येत नव्हतं. मराठी मात्र यायचं, मंगळवारच्या बाजारात भाजीवाल्या बायकांकडून उचललेलं. त्यामुळे तिची प्रत्येक गोष्ट बाजारात असल्यासारखी. "कालची नको, ताजी सांग," म्हणजे नवीन बातमी काय. "शेवटचं बोल," म्हणजे मुद्द्यावर ये. माझ्या आईला ती पहिल्यांदा भेटली तेव्हा म्हणाली, "पोरगी चांगली दिली. डागी नाय." आई आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तिने तिथल्या तिथे मला पुढूनमागून तपासून घेतलं.

मी रोज शाळा सुटली की चार ते सहा कोबी चिरायला जाऊ लागले आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपवर कोरियन शिकू लागले. अ‍ॅप इंग्रजीतून शिकवायचं. अक्षरं चार दिवसांत आली. पुढे मात्र नुसता चिखल. शब्द पाठ व्हायचे, वाक्य जुळायचं नाही. मग ऑगस्टमध्ये आमच्या शाळेत डॉक्टर मोकाशी मॅडम आल्या, आणि त्यांनी एका पेटीतून दोन पट्ट्या काढल्या.

ती पट्टी काय करते, हे मॅडमनी फळ्यावर दोन आकडे लिहून सांगितलं: चारशे आणि सहाशे.

आपल्या भाषेत कुणी चुकीचं बोललं की आपल्याला खटकतं. 'मी चहात पुस्तक घालते' असं कुणी म्हणालं, तर 'पुस्तक' कानावर पडल्यापासून साधारण चारशे मिलिसेकंदांत मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. अर्थ बिनसला, म्हणून. 'ती चहा प्यालो' असं म्हटलं तर लाट येते सहाशेच्या आसपास. घडण बिनसली, म्हणून. आपण 'अगं, असं नाही' म्हणायच्या कितीतरी आधी मेंदूने 'अगं' म्हटलेलं असतं. ही लाट डोक्याला लावलेल्या पट्टीने मोजता येते. हे फार पूर्वीपासून माहीत होतं.

नवीन होतं ते पुढचं. कानाच्या पन्हाळीतून व्हेगस नावाच्या नसेची एक फांदी जाते. तिला अगदी हलकी विजेची टिचकी दिली, की मेंदूत अशी रसायनं पाझरतात जी सांगतात, 'आत्ताचं लक्षात ठेव, आत्ताचं महत्त्वाचं आहे.' लहान बाळाचा मेंदू सदैव अशाच अवस्थेत असतो. मॅडमच्या प्रयोगशाळेने या दोन गोष्टी जोडल्या. ज्याची ती मातृभाषा आहे, त्याच्या डोक्याला एक पट्टी. शिकणाऱ्याच्या कानाला दुसरी. त्याला खटकलं, की तुझ्या कानात त्याच क्षणी टिचकी. कुणी काही समजावत नाही, नियम नाही, तक्ता नाही. समोरच्याचं खटकणं हळूहळू तुझं खटकणं होतं.

"म्हणजे मॅडम, आईचे डोळे वटारणं, पण बिनतारी?" गौतमीने विचारलं.

"अगदी तेच," मॅडम हसल्या.

त्या यंत्राला भलंमोठं इंग्रजी नाव होतं. आम्ही त्याला खटका म्हणू लागलो.

प्रयोगात वीस मुलं निवडली. बाकीच्यांना तरुण इंजिनिअर जोडीदार मिळाले. मी म्हटलं, मला हाल्मे पाहिजे. हाल्मेने पट्टी उलटसुलट करून पाहिली, डोक्याच्या फडक्याखाली बांधली आणि म्हणाली, "गरम होत नाय ना? मग चालू दे."

आठवड्याच्या शेवटी आकडा यायचा: शंभर वाक्यांमागे किती खटके. माझा पहिला आकडा एक्याण्णव. दुसऱ्या आठवड्यात नव्वद. तिसऱ्यातही नव्वद! कान मुंग्या चावल्यासारखा झाला होता आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. बाकी मुलं साठ-सत्तरवर आलेली.

एका दुपारी हाल्मेने माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "तू बोलताना आधी तिकडं जाते," तिने खिडकीकडे बोट केलं, "मग फिरून इकडं येते. दमते. सरळ ये की."

मी विचार करत बसले, की मी 'तिकडं' कुठे जाते. आणि मग लक्षात आलं. प्रयोगाच्या अर्जात 'प्रथम भाषा' असा रकाना होता. मी ऐटीत लिहिलं होतं: इंग्रजी. आमच्या वर्गात सगळेच तसं लिहितात. फुटबॉल टीमच्या अर्जातसुद्धा. इंग्रजी माध्यमाची शाळा ना! घरी आईशी, बाबांशी, भांडताना, स्वप्नात मी मराठी असते, पण अर्जात इंग्रज. आणि यंत्राने अर्जावर विश्वास ठेवून मला इंग्रजी बोलणाऱ्या मुलीसारखं जुळवून घेतलं होतं. कानातल्या सूचना इंग्रजीत, वाक्याची अपेक्षा इंग्रजीसारखी. म्हणजे 'मी भात खाल्ला' हे कोरियनमध्ये सांगायचं तर मी आधी भात मागे टाकायचे, खाल्ला पुढे आणायचे, आणि पुन्हा उलटं करायचे. कोरियनमध्ये ते मुळात 'मी भात खाल्ला' असंच आहे! क्रियापद शेवटी. शब्दाला शेपट्या मागून. मोठ्यांशी वेगळं, बरोबरीच्यांशी वेगळं. 'चमचम', 'खळखळ' यांसारखे दुणावलेले शब्दही पोत्याने. सगळं माझ्या घरात होतं आणि मी ते शोधायला रस्त्यापलीकडे जात होते.

मोकाशी मॅडमना फोन केला. "मॅडम, मी खोटं लिहिलं. मी मराठी आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "शरयू, वीसपैकी एकोणीस मुलांनी इंग्रजी लिहिलंय. बाकीच्यांचे इंजिनिअर इंग्रजी जाणतात, म्हणून त्यांचं निभावतंय. कबूल करणारी तू पहिली."

जुळणी बदलली. पुढच्या आठवड्यात आकडा आला अठ्ठावन्न. मी खानावळीत नाचले. खरोखर नाचले, एका इंजिनिअरच्या सूपमध्ये माझी ओढणी गेली.

नोव्हेंबरात किमजांग आलं. म्हणजे वर्षभराची किमची, कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, एकदम घालायचा सोहळा. कोरियात गल्लीतल्या सगळ्या बायका जमतात. इथे हाल्मेने बाजारातल्या तिच्या भाजीवाल्या मैत्रिणींना बोलावलं. दोनशे कोबी, पोतंभर मीठ, लालभडक मसाल्याची परात. आमच्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांना जशा बायका जमतात, अगदी तसाच कालवा. त्या गोंधळात मी आणि हाल्मे कोरियनमध्ये गप्पा मारत होतो आणि बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं, की कानात टिचकी आलीच नाहीये. वीसेक वाक्यं झाली होती.

त्या दिवशी तिने मला तिच्या नावाची गोष्ट सांगितली. माल्सुन म्हणजे शेवटची. चार मुलींवर पाचवी झाली, म्हणून बापाने ठेवलं, आता पुरे या अर्थी. मी म्हटलं, आमच्याकडे अशा मुलीला नकुशी म्हणायचे. आईच्या आत्याचं नाव तेच होतं. हाल्मेने मसाल्याचा हात तसाच माझ्या गालाला लावला. "म्हणजे तुझ्या घरात मी आधीच होते," ती म्हणाली. कोरियनमध्ये. आणि ते माझ्यापर्यंत मराठीतून, इंग्रजीतून, कशातूनच न येता थेट पोचलं. गालाची आग आग झाली, पण मी पुसलं नाही.

आमचा एक नेहमीचा खेळ होता. दिवसातून एकदा तरी मी मध्येच तिला लग्नाची मागणी घालायची. आजीच्या वयाच्या बाईला, मालिकेतल्या प्रियकराच्या थाटात! तिची पट्टी अशी उसळायची की माझा कान झिणझिणायचा. "म्वोराखानो!" ती ओरडायची. काय बरळतेस, असा त्या बोलीतला अर्थ. आणि ओला हातमोजा माझ्या पाठीत बसायचा. रोज. एकदाही चुकली नाही.

जानेवारीत आकडा बारा. फेब्रुवारीत चार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात: शून्य.

शून्य! वीस मुलांत पहिली मी. प्रयोगाचं बक्षीस होतं सोलमधल्या शाळेत दोन वर्षं, दहावी आणि अकरावी. वर्गात बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या आणि मी पुढच्या बाकावरून, हो, पुढच्या बाकावरून, भाषण केलं. माझ्या बाबांचा फ्लेक्स छापायचा धंदा आहे. त्यांनी चौकात वीस फुटी फ्लेक्स लावला. शाळेच्या गणवेशातला माझा फोटो, मागे विमान, खाली 'कारेगावची कन्या शरयू नवले हिची सोलला भरारी! हार्दिक अभिनंदन!' विमान माझ्या डोक्यातून निघाल्यासारखं दिसत होतं. गौतमी म्हणाली, "उवा उडाल्यात."

त्या दिवशी मैत्रिणींना घेऊन खानावळीत गेले. हाल्मे कोबीला मीठ लावत होती. अल्फियाने मोबाइल काढला. "घाल ना मागणी! जिथून सुरू झालं तिथेच फोटो."

आकडा शून्यावर आणायच्या नादात हा खेळ मी दोन-तीन आठवडे बंदच ठेवला होता. मी गुडघ्यावर बसले. हात छातीशी. "नारांग ग्यॉरोन्हे जुल्ले?"

"उंग," हाल्मे म्हणाली. म्हणजे 'हं'. आणि मीठ लावत राहिली.

मी वाट बघत होते. कानात काही नाही. पाठीत हातमोजा नाही.

"लाजली ती," अल्फिया म्हणाली.

मी पट्टीची बॅटरी पाहिली. भरलेली होती. मग मी कोरियनमध्ये म्हटलं, "हाल्मे, दगड शाळेला पिवळं पितो."

"उंग," हाल्मे म्हणाली.

तिच्या हातातला कोबी मी तेव्हा नीट पाहिला. त्याला मिठाचा थर दोनदा बसला होता. आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांतलं एकेक आठवू लागलं. मिरचीकडे बोट करून ती 'ते, ते लाल' म्हणाली होती. मासळीबाजारातल्या गोष्टी सांगणं बंद झालं होतं. मी बोलायचे, ती मान डोलवायची. मला वाटलं होतं, मी आता इतकं सुंदर बोलते की तिला फक्त ऐकत राहावंसं वाटतं.

मग मी मराठीत म्हटलं, "हाल्मे, तुझा कोबी शाळेत झोपलो का?"

तिने झटकन वर पाहिलं. कानात टिचकी आली, चांगली सणसणीत. "काय बोलते येडी!" ती खळखळून हसली.

बाजारात उचललेली भाषा जागेवर होती. जन्माची भाषा गळत होती. गिऱ्हाइकं टेबलावरच्या पडद्यावर मागणी नोंदवायची आणि भाजीवाल्यांशी ती मराठीत बोलायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्या एकीच्या लक्षात यायला हवं होतं, ती स्वतःच्या आकड्यावर नाचत होती. यंत्र समजत होतं, खटकलं नाही म्हणजे बरोबर बोलली. खटकायचंच बंद झालं तर, हा प्रश्न यंत्राला कुणी शिकवला नव्हता.

बाहेर आल्यावर गौतमी हळू आवाजात म्हणाली, "मॅडमना सांगितलंस तर तुझा शून्य रद्द होईल. सोल जाईल."

समोर चौकात मी वीस फूट उंच उभी होते, डोक्यातून विमान काढत. खरं सांगते, मी दहा पावलं गप्प चालले. दहाच. पण चालले, आणि त्या दहा पावलांची मला अजून लाज वाटते. मग फोन लावला.

"मॅडम, माझा आकडा खोटा आहे. आणि हाल्मेला काहीतरी झालंय."

पुढचं सगळं वेगात झालं. आईने खानावळीत येऊन तिचा रक्तदाब घेतला आणि स्वतःच रुग्णवाहिका बोलावली. पुण्यात तपासणी झाली. मानेतली डावीकडची रक्तवाहिनी जवळपास बुजली होती. तिथून बारीक बारीक गुठळ्या सुटून मेंदूतल्या भाषेच्या भागात अडकत होत्या. प्रत्येक गुठळीबरोबर थोडी कोरियन जात होती. दोन भाषा येणाऱ्या माणसात कधीकधी एकच भाषा जास्त दुखावते, आणि ती पहिलीही असू शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. शस्त्रक्रियेने वाहिनी मोकळी झाली. "आणखी काही आठवडे गेले असते तर मोठा झटका आला असता," ते म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं हे?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. घरी आल्यावर तिने माझ्या केसांना तेल लावलं, पाऊण तास.

मेक्सिकोहून हाल्मेचा मुलगा आला. पन्नाशीचा, उंच, सूट घातलेला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ताठ उभा होता. माझ्या तोंडून सहज निघालं, "बाम मुन्ना?" जेवलात का, एवढंच. हाल्मे मला रोज दारातच विचारायची ते.

त्याने वळून पाहिलं, माझ्या मागे कोणी आहे का म्हणून. मग भिंतीला टेकून तो रडायला लागला. लहान असताना आईने असं विचारल्याला चाळीस वर्षं झाली होती. तो सोलला शिकला, तिथलीच भाषा बोलू लागला, आईशीसुद्धा, आणि मग तीही त्याच्याशी तशीच बोलू लागली. "तू हुबेहूब तिच्यासारखं बोलतेस," तो म्हणाला. "मला आता तसं बोलता येत नाही."

गेलेले शब्द परत आणायला प्रयोगशाळेने तोच खटका वापरायचं ठरवलं. या वेळी टिचकीची पट्टी हाल्मेच्या कानाला, आणि खटकणारा म्हणून संगणकात भरलेली प्रमाण कोरियन, सोलची. पहिल्याच दिवशी हाल्मे मोठ्या कष्टाने "दान्दी" म्हणाली. नीट कर, जपून कर, असा तिच्या गावचा शब्द. कोबी चिरताना मी तो हजार वेळा ऐकलाय. संगणकाला तो खटकला. टिचकी. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा टिचकी. मुलाच्या डोक्याला पट्टी बांधली, तर त्यालाही तिचं बरोबर बोलणंच खटकत होतं. हाल्मेने पट्टी ओढून काढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिला स्वतःचेच शब्द चूक म्हणून शिकवले जात होते. मला ते सहन होईना.

"मॅडम," मी म्हटलं, "पट्ट्या उलट्या घातल्या तर? माझी तिला आणि तिची मला?"

मोकाशी मॅडमनी माझे जुने आकडे पुन्हा उघडले. "तुझा शून्य आम्ही रद्द केला. पण तू फेब्रुवारीत चारवर होतीस, आणि तिचं दुखणं त्यानंतर वाढलं असावं," त्या सावकाश म्हणाल्या. "तुझ्या डोक्यात खटका तिचाच आहे. तिचा बरा असतानाचा."

त्यांनी माझ्या डोक्याला हाल्मेचं फडकं बांधलं. त्याला अजून लसणाचा वास होता. मी मिरची उचलून दाखवली. हाल्मेने एक शब्द उच्चारला. तो मिठाचा होता. मला खटकलं. मला काही बोलावं लागलं नाही. तिने कान चोळला, थांबली, ओठ हलवले, आणि मिरचीचा शब्द आला. तिच्या बोलीतला. मला जराही खटकला नाही. तिला टिचकी आली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, बाजारात एखाद्या भाजीवालीने वजनात दोन वांगी जास्त टाकल्यावर बघावं तशी.

तीन आठवडे असंच चाललं. दुपारच्या उन्हात खानावळीच्या खिडकीशी बसायचं, मध्ये एक कोबी ठेवायचा. अडलं की ती मराठीत शिव्या द्यायची आणि मग पुन्हा कोरियनला भिडायची. रोज दोन शब्द, कधी पाच, एखाद्या दिवशी एकही नाही.

दरम्यान सोलहून पत्र आलं. माझी जागा अजून रिकामी होती. जूनपर्यंत सोलच्या जोडीदाराबरोबर सराव करून पुन्हा परीक्षा दिली तर मिळणार होती. आईचे डोळे चमकले. मॅडमनी मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. खटका अजून कोवळा आहे. सोलच्या माणसाबरोबर सराव केला, तर दोन महिन्यांत माझा खटका सोलचा होईल. हाल्मेचा पुसला जाईल. दोन वर्षं तो जपून वापरला तर मुरेल, मग जगात कुठेही गेलं तरी जाणार नाही. आणि तिला बरं व्हायलाही साधारण तेवढाच काळ लागेल.

आई-बाबा म्हणाले, विचार कर, घाई नको. मी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी, शनिवारी, खिडकीशी बसले असताना काय वाटलं कुणास ठाऊक, मी हात छातीशी नेले.

"नारांग ग्यॉरोन्हे जुल्ले?"

हाल्मे थांबली. भुवई वर गेली. ओठ दोनदा जुळले, सुटले. मी डोक्यावरचं फडकं घट्ट धरलं. आणि ती बोलली. कोरियनमध्ये, बुसानच्या मासळीबाजारातल्या हेलात, एकही शब्द न चुकता:

"कोबी चिरता येतो?"

मग ओला हातमोजा माझ्या पाठीत बसला.

आज रविवार. दुपारचं जेवण चालू होतं. बाबा मोबाइलवर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स तपासत होते. आईने माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला. घरी हल्ली किमची असते. बाबा ती पिठल्याशी खातात. मी ताट बाजूला सारलं आणि उभी राहिले. हजेरीला 'येस' सुद्धा न म्हणू शकणारी मी!

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी सोलला जाणार नाही. दहावी इथेच करणार, अकरावीसुद्धा. आणि दोन्ही वर्षं रोज चार ते सहा हाल्मेकडे बसणार. आई, तू रडू नकोस, मी काही सोडत नाहीये. मला बोलायला तिने शिकवलं. कोरियन तर शिकवलंच, पण नुसतं मोठ्याने बोलायलासुद्धा तिनेच शिकवलं. सोल कुठे पळून जात नाही. बारावीनंतर जाईन आणि तिथे मासळीबाजारासारखी बोलेन, हसू देत सगळ्यांना. आणि बाबा, चौकातला माझा फ्लेक्स उतरवा. नवा छापा, तेवढाच मोठा. त्यावर फोटो तिचा, मागे विमान नको, कोबी ठेवा. खाली मजकुराची जागा मात्र कोरी सोडा. तो ती स्वतः सांगणार आहे. वेळ लागेल, पण सांगेल."